रजाईच्या शेताचा कागद

भालकीपासून उदगीरपर्यंतच्या पट्ट्यात असं एकही घर नसेल, ज्याच्या पणजोबाला आमच्या दादाचे सासरे स्वतःच्या जावयापेक्षा जास्त ओळखत नव्हते. जावयाचं, म्हणजे आमच्या दादाचं, नाव ते लग्नानंतर दोन वर्षं चुकीचं घ्यायचे. पण बाजारात कुणी भेंडी निवडताना दिसला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तू सटवाजीचा ना? तुझा आजा दत्तक आलता, कोहिनूर गावाहून. त्याला दोन भाऊ होते. एक लावल्द गेला." लावल्द म्हणजे मूलबाळ न होता. भेंडी निवडणाऱ्या बिचाऱ्याला आपला आजोबा दत्तक होता हेच माहीत नसायचं. तो घरी जाऊन आईला विचारायचा, आई डोळे वटारायची, आणि आठ दिवसांनी कुठूनतरी कळायचं की अप्पा बोलले ते अक्षरशः खरं होतं.

वहिनी त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून आमच्या घरातही सगळे अप्पाच म्हणायचे. निजामाच्या राज्यात ते उर्दू शाळेत शिकले. पुढं राज्य बदललं, जिल्हे इकडचे तिकडे झाले, कचेरीची भाषा बदलली, पण अप्पा तहसिलीत नकलनवीस म्हणून चिकटले ते निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. नकलनवीस म्हणजे जुन्या कागदाची हुबेहूब नक्कल उतरवून देणारा कारकून. आयुष्यभर त्यांनी गेलेल्या माणसांची नावं, नाती आणि गावं उर्दू, मोडी, मराठी, कन्नड अशा सगळ्या अक्षरांत उतरवली, आणि त्याचा परिणाम असा झाला की त्यांना जिवंत जगाचं बोलणं थोडं परकं वाटू लागलं. घरातलं घड्याळ बंद पडलं की ते म्हणायचे, "फौत झालं." म्हणजे मेलं. परसातल्या आंब्याला मोहर यायचा पण फळ धरायचं नाही, त्याला ते लावल्द म्हणायचे आणि पाणी घालताना त्याच्याशी जरा हळुवार बोलायचे. शेजारचा मास्तर पुण्याला बदलून गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या रिकाम्या घराकडं बोट दाखवून मला सांगितलं, "साकीन कदीम भालकी, साकीन हाल पुणे." आधी राहणार भालकी, सध्या राहणार पुणे. एवढ्या एका वाक्यात त्यांनी त्या मास्तराला निरोप दिला.

वहिनीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती. छापखान्यातल्या माणसानं चारदा विचारलं, "अप्पा, असंच छापायचं का?" अप्पा म्हणाले, "काना-मात्रा हलवू नकोस." पत्रिकेत वहिनीच्या नावापुढं 'दुख्तर' असा शब्द होता. दुख्तर म्हणजे मुलगी, अमक्याची कन्या. आमच्याकडच्या निम्म्या पाहुण्यांची समजूत झाली की छापखान्यानं 'डॉक्टर' चुकीचं छापलंय. अक्षता पडल्या पडल्या आमच्या लातूरच्या मावशीनं नवरीपुढं पाय पुढं करून सांगितलं, "बाई, जिना चढताना ह्या गुडघ्यात कळ येती बघ." बी. कॉम. झालेली वहिनी मुंडावळ्यांतून घाबरत म्हणाली, "शेक घ्या." मावशीचा गुडघा आठवड्यात दुखायचा थांबला. नंतर सगळा उलगडा झाला, पण मावशी पुढची पाच वर्षं एसटीडी बूथवरून वहिनीलाच आपली तब्येत सांगत राहिली.

अप्पांना एखादा अडलेला शब्द सुटला की त्यांना तो त्याच क्षणी कुणाला तरी सांगावा लागायचा, आणि समोर कोण आहे ह्याला महत्त्व नसायचं. एका सकाळी ते एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असे रस्त्यावर धावत आले आणि हात वर करून त्यांनी उदगीरची बस थांबवली. कंडक्टरनं दार उघडलं. अप्पा धापा टाकत म्हणाले, "मुतबन्ना म्हणजे दत्तक घेतलेला. मी दोन महिने ते आडनाव समजत होतो." कंडक्टर म्हणाला, "अप्पा, चढायलात का?" अप्पा म्हणाले, "न्हाई, सांगायचं होतं." कंडक्टर भला माणूस होता. त्यानं मान डोलावली आणि डबल बेल दिली. न सुटलेल्या शब्दांसाठी अप्पांची वेगळी रीत होती. एकेका शब्दासाठी ते उपरण्याच्या टोकाला एकेक गाठ मारायचे. त्यांच्या कारभारणीनं एकदा ते उपरणं धुताना सगळ्या गाठी सोडवल्या, तेव्हा अप्पा दोन दिवस अंगणात फेऱ्या मारत होते. सात शब्द होते, त्यांतले चारच आठवले.

त्या काळात घराघरांतून जुने कागद बाहेर पडू लागले होते. पोरं पुण्याला, हैदराबादला कंपन्यांत चालली होती, कुणाला पासपोर्ट हवा होता, कुणाला दाखला, कुणाच्या वाटण्या व्हायच्या होत्या. मग पेट्या उघडायच्या, पिवळे कागद निघायचे, आणि ते वाचता येत नाहीत म्हणून माणसं अप्पांच्या ओट्यावर येऊन बसायची. अप्पा चहासुद्धा त्यांना आपल्याच घरचा पाजायचे. कमलनगरकडचं एक घराणं आपल्या खापरपणजीचा फार अभिमान बाळगून होतं. कागदावर तिचं नाव 'पार्वतीबाई मर्द सोपाना' असं होतं. बाईला कुण्या राजानं मर्द ही पदवी दिली असावी असं धरून त्यांनी तिचं घोड्यावर बसलेलं, तलवार उपसलेलं मोठं चित्र काढून घेतलं होतं. अप्पांनी त्यांच्या बैठकीत बसून कागद वाचला आणि सांगितलं की मर्द म्हणजे इथं नवरा, सोपानाची बायको पार्वतीबाई एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या माणसांनी माना खाली घातल्या. अप्पांना फार वाईट वाटलं. ते चित्राकडं बघत म्हणाले, "ती घोड्यावर बसली न्हाई असं कागद म्हणत न्हाई. लग्न झालतं, एवढंच म्हणतोय. चित्र राहू द्या." चित्र अजून तिथंच आहे.

पण अप्पांची खरी ओळख मला झाली ती आमच्याच घरातल्या एका शब्दामुळं. आमच्या गावी ओढ्याकाठी एक काळंभोर शेत आहे. त्याला सगळा गाव 'रजाईचं शेत' म्हणतो. ते एके काळी आमचं होतं. माझे पणजोबा ग्यानोबा ह्यांनी ते बिरप्पा नावाच्या मेंढपाळाला लिहून दिलं. गावात गोष्ट अशी सांगत की एका कडाक्याच्या थंडीत ग्यानोबा रानात कुडकुडत होते, बिरप्पानं त्यांना एक रजाई दिली आणि तिच्या बदल्यात शेत लिहून घेतलं. ह्या गोष्टीत आमचे पणजोबा खुळे ठरायचे आणि बिरप्पा लबाड. त्यावरून तीन पिढ्या दोन्ही घरं एकमेकांच्या दारात गेली नव्हती. शाळेत पोरी मलाही रजाई म्हणून चिडवायच्या. बिरप्पाच्या घराला तर गावात दुसरं नावच उरलं नव्हतं.

दादाच्या मुलाचं जावळ काढायचं होतं, त्यासाठी अप्पा शुक्रवारी आमच्या गावी आले. जेवणाची पंगत बसली होती. माझे थोरले काका, घरातले कर्ते, प्रत्येक नव्या पाहुण्याला रजाईची गोष्ट सांगायचे, तशी त्यांनी अप्पांनाही सांगितली. मात्र ह्या वेळी तिला नवं शेपूट होतं. शेताला लागून डांबरी सडक झाली होती आणि जमिनीचा भाव चढला होता. काका म्हणाले, "सोमवारी बीदरला वकिलाकडं जायलोय. फसवून घेतलेलं शेत हाय. परत मिळतंय म्हणतोय वकील."

अप्पांच्या हातातला पुरणपोळीचा घास तसाच राहिला. ते म्हणाले, "कागद कुणी बघितलाय?"

"आमच्या बापानं ऐकलाय," काका म्हणाले. "गावात एक जमादार आलता, त्यानं वाचला. रजाई बी ऐकलं आन् एवज बी ऐकलं. रजाईच्या एवजी शेत. बापाच्या कानानं ऐकल्यालं हाय."

"ऐकलाय. मी विचारलो, बघितलाय कुणी?"

"कागद त्यांच्याकडं हाय. ते कामून दावतील?"

अप्पांनी घास ताटात ठेवला, उपरण्याला एक गाठ मारली आणि म्हणाले, "मग तुम्ही गोष्ट सांगायलात. कागद न्हाई." त्यानंतर त्यांच्या घशाखाली काही उतरलं नाही. वहिनीनं डोळ्यांनीच मला खूण केली की आता हे थांबायचे नाहीत. हात धुऊन ते थेट दाराकडं निघाले. काका म्हणाले, "आमच्या घरचं पाऊल तिथं पडत न्हाई." अप्पा म्हणाले, "मी तुमच्या घरचा कुठं हाय? मी पोरगी दिल्याला माणूस." घर दाखवायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, आणि जन्मापासून ज्या गल्लीत जायचं नाही असं शिकवलं होतं, त्या गल्लीत दिवसाढवळ्या जाताना मी दर दोन पावलांनी मागं वळून बघत होते.

त्या घरात आता निलव्वा एकटीच राहायची. बिरप्पाची नातसून, साठीच्या पुढची. मेंढरं विकून झाली होती, लेक पुण्याला कंपनीत होता. ती उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती. मला बघून तिचं सूप थांबलं. अप्पा जमिनीवरच बसले आणि सरळ म्हणाले, "बाई, मी त्यांचा सोयरा हाय. आधीच सांगतो. तुमच्याकडचा कागद वाचायला आलोय."

निलव्वा म्हणाली, "कागद दावलाव की शेत जातंय, असं माझी सासू सांगून मेली."

"जाईल बी. मला ठाऊक न्हाई. पर जे लिहिलंय तेच वाचीन. तुमच्या विरुद्ध निघालं तरी तेच आन् त्यांच्या विरुद्ध निघालं तरी तेच."

ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मी तेरा वर्षाची ह्या घरात आले. पहिल्या दिवशी पाण्याला गेले तर बाया म्हणल्या, रजाईवाल्याची सून आली. आजपर्यंत तेच ऐकायलीय. माझ्या सासऱ्याच्या बापानं लबाडी केलती का, एवढं मला मरायच्या आधी कळू द्या." ती आत गेली आणि पत्र्याचं एक नळकांडं घेऊन आली.

अप्पांनी तिच्याकडून पाणी मागून हात धुतले, उपरण्याला पुसले आणि कागद उलगडला. वाचता वाचता त्यांचा पाय हलायला लागला, मग गुडघा, मग सगळं अंग. एका ओळीवर येऊन ते थांबले आणि उठून उभे राहिले. पुन्हा बसले. मला जवळ बोलावून त्यांनी काडीनं मातीत दोन अक्षरं काढली. "हे बघ. पांघरायची रजाई उर्दूत लिहिताना हितं हमजा येतो. आन् ह्या कागदात हितं ऐन हाय. बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतंय. लिहिताना येगळं."

"म्हणजे?"

"म्हणजे ही पांघरायची रजाई न्हाई."

"मग कसली?"

"मला ठाऊक न्हाई," अप्पा म्हणाले. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य इतक्या आनंदानं म्हणणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. त्यांचा चेहरा नुसता उजळून निघाला होता. निलव्वा कागद घराबाहेर जाऊ द्यायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या अंगणात बसून दीड तास त्याची नक्कल केली. एकेक अक्षर, अक्षराचा एकेक नुक्ता, म्हणजे टिंब, कागदाला जिथं कसर लागली होती तिथं तेवढीच जागा मोकळी. निलव्वानं विचारलं, "बाकीचं तर वाचलाव न्हवं? ते तरी सांगा." अप्पा म्हणाले, "अर्धं वाचून सांगणार न्हाई बाई. अर्ध्या वाचण्यानंच तुमच्या दोन घरांच्या तीन पिढ्या गेल्यात."

शनिवारी पहिल्या जीपनं ते कमलनगरला आणि तिथून बसनं बीदरला गेले. तिथं एका गल्लीत त्यांचे शाळेतले उस्ताद अजून होते, नव्वदीला टेकलेले. अप्पा रात्री परतले नाहीत. काका अंगणात म्हणत होते, "सोयऱ्याला आपलं शेत मिळावं असं वाटायला पाहिजे का त्यांचं?" वहिनी मान खाली घालून भाकऱ्या थापत होती. बापाच्या एका शब्दापायी तिच्या सासरी कायमची कटकट होणार, हे तिला दिसत होतं. दादा तर काकांच्या समोरच येत नव्हता. मला स्वतःला काय व्हावं असं वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी दहाच्या सुमारास जीप गावात शिरली ती मागच्या पायरीवर उभ्या असलेल्या अप्पांना घेऊनच. आत जागा होती, पण त्यांना बसवत नव्हतं. जीप थांबायच्या आतच ते ओरडायला लागले, "दूध हाय ते, दूध." जीपच्या थांब्यावरच्या हॉटेलवाल्याला वाटलं, पाहुण्याला भोवळ आली. तो धावत पेलाभर दूध घेऊन आला. अप्पांनी ते एका दमात पिऊन टाकलं, पेला त्याच्या हातात दिला आणि तिथं वाट बघत थांबलेल्या मला बघून म्हणाले, "काकाला बोलव. निलव्वाच्या दारात. सगळ्यांसमोर वाचायचंय."

काका आले, पण निलव्वाच्या अंगणात शिरेनात. ते बाहेर रस्त्यावरच हाताची घडी घालून उभे राहिले. आजूबाजूची माणसं जमली. निलव्वा उंबऱ्यात बसली, कागद मांडीवर. अप्पा मधे उभे राहिले आणि नक्कल डोळ्यांपुढं धरून वाचू लागले. ते आधी मूळ शब्द वाचायचे, मग अर्थ सांगायचे.

"हा हिबानामा हाय. हिबा म्हणजे देणगी, बक्षीस. पुढं लिहिलंय, हिबा बिला एवज. एवज म्हणजे मोबदला."

"तेच म्हणतोय मी," काका रस्त्यावरून म्हणाले.

"बिला म्हणजे विना. बिला एवज, मोबदल्याविना. तुमच्या बापानं एवज ऐकला, त्याच्या आधीचं बिला ऐकलं न्हाई. ग्यानोबानं शेताच्या बदल्यात कायबी घेतलं न्हाई. असं सरकारी कागदावर, सहीनिशी हाय."

गर्दीत कुजबुज झाली. काका म्हणाले, "मग रजाई कुठनं आली?"

अप्पांचा आवाज ह्यानंतर एकदम खाली आला. "बिरप्पा वल्द मालप्पा, बिरादर-ए-रजाई-ए-खुद. असं लिहिलंय. वल्द म्हणजे मुलगा. बिरादर म्हणजे भाऊ. खुद म्हणजे माझा. रजाईचा अर्थ उस्तादांनी सांगितला. एका आईचं दूध पिऊन वाढल्याला. दूधभाऊ. आन् वरच्या ओळीत आणखी हाय. माझी आई माझ्या जन्मायेळी फौत झाली. ह्या बिरप्पाच्या आईनं मला त्याच्यासंगं अंगावर पाजून वाढवलं. म्हणून हे शेत मी राजीखुशीनं माझ्या भावाला द्यायलोय."

निलव्वानं पदर तोंडाला लावला. मी काकांकडं बघितलं. काका करड्या स्वभावाचे होते, घरात कुणी त्यांच्यापुढं बोलत नसे. ते तसेच उभे होते, पण त्यांची हाताची घडी सुटली होती. त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय हाय? पाजणारीचं."

अप्पांनी नक्कल पुन्हा वाचली. निलव्वाकडून मूळ कागद मागून घेऊन तोही डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग म्हणाले, "नाव न्हाई. जौजे मालप्पा, एवढंच हाय. मालप्पाची बायको. बायांची नावं लई येळा लिहीत नव्हते. मी बी तसंच उतरवत आलो."

उंबऱ्यातून निलव्वा म्हणाली, "सिदव्वा. आमच्या घरात देवापुढं तिचं नाव घेतात. सिदव्वा होतं."

काका चप्पल काढून अंगणात आले. माफीबिफी त्यांच्या स्वभावातच नव्हती. ते ओट्याच्या कडेला अवघडून बसले आणि म्हणाले, "चहा मिळंल का?" निलव्वा लगबगीनं आत गेली आणि थोड्या वेळानं कप घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मेंढरं विकल्यापासून तिच्या घरात दूध नसायचं. ती म्हणाली, "काळा हाय." काका म्हणाले, "चालतंय," आणि तो कडू चहा त्यांनी बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. अप्पांना एवढा आनंद झाला होता की ते जमलेल्या प्रत्येकाला धरून हमजा आणि ऐन ह्यांतला फरक मातीत काढून दाखवत होते, आणि निलव्वाच्या शेजारची एक म्हातारी, जिला कुठलंच अक्षर येत नव्हतं, ती त्यांच्याकडून ऐन काढायला शिकली.

सोमवारी काका वकिलाकडं गेले नाहीत. शेताचं नाव मात्र बदललं नाही, गाव अजून रजाईचं शेतच म्हणतो. पुढच्या दिवाळीला निलव्वाचा लेक पुण्याहून आला आणि आमच्या घरी फराळाला बसला, तेव्हा काकांनी त्याच्याकडं कामाची, खोलीची, जेवणाची चौकशी केली, आणि तो गेल्यावर आईला म्हणाले, "बारीक झालाय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

मग मीही लग्न होऊन पुण्याला आले. नोकरी, मुलगी, घराचे हप्ते ह्यांत वर्षं गेली. तिकडं कचेरीतले उतारे संगणकावर चढले, सगळ्यांचे सारखे, स्वच्छ छापलेले. पोरं बाहेर गेली, घरं बंद झाली, पेट्यांतले पिवळे कागद काही जणांनी रद्दीत घातले. अप्पांच्या ओट्यावर येणारी माणसं कमी होत गेली. अप्पा फोनवर मला विचारायचे, "तिकडं कुणाकडं जुना कागद असंल तर बघ की." मी बघते म्हणायचे. माझ्या इमारतीत जुना कागद असलेलं कुणी नव्हतं, निदान मी कुणाला कधी विचारलं नाही.

शेवटचं भेटायला भालकीला गेले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांना सांभाळायला माहेरी आलेल्या वहिनीनं दारातच सांगितलं, "अप्पांना आता शब्द आठवत न्हाईत गं. माणसं बी आठवत न्हाईत." ते खिडकीपाशी बसले होते. अंगानं अगदी एवढेसे झाले होते. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि फार अदबीनं विचारलं, "आपण कुणाच्या?"

मी जवळ बसले आणि वडलांचं नाव सांगितलं. ते ऐकत राहिले. "आन् त्यांचे वडील?" मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांचा पाय हलायला लागला. "आन् त्यांचे?" मी ग्यानोबा सांगितलं, मग बळीराम. प्रत्येक नावाला ते मान डोलावत होते, जणू एखादी सुंदर गोष्ट पहिल्यांदाच कानावर पडत होती. डोळ्यांत तीच जुनी चमक होती. "मग? त्याच्या आधी?" बळीरामाच्या पलीकडं मला काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "अप्पा, पुढचं मला ठाऊक नाही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "असू दे," ते म्हणाले. "कुठंतरी सगळ्यांचंच संपतंय." मग आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी वहिनीला हाक मारली, "बाई, चांगल्या घरची माणसं हायेत. आजच ओळख झाली. जेवू घाल त्यांना."

माझी पुण्याची गाडी तासाभरात होती. मी ती सोडली, हातपाय धुतले आणि त्यांच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसले.